शेषरावभाऊंचे फोन

शेषरावभाऊ टायर डोळ्यांनी पाहत नसत, अंगठ्याने पाहत. टायरच्या कडेवर उठलेले चार आकडे चाचपायचे. पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, मागचे दोन वर्षाचे. मग गिऱ्हाइकाला टायरचं वय सांगायचे.

अकोल्यातल्या त्यांच्या दुकानात पहिल्यांदा गेलो तेव्हा मला अमरावतीला परतायची घाई होती. मी एक चकचकीत टायर निवडलं. भाऊंनी अंगठा फिरवला आणि ते मागे ठेवलं.

"हे नाई देत तुमाले, मास्तर."

"का? कोरं तर आहे!"

"कोरं दिसते. तीन वर्षं गोदामात हाय थे. रबर पडल्या पडल्या म्हातारं होते. आठ दिवसानं या, ताजा माल येऊन राहिला."

घरी येऊन मी चरफडलो. बायको म्हणाली, "तुम्हाला गप्प करणारा भेटला म्हणायचा कोणीतरी!" आठ दिवसांनी मुकाट्याने गेलो. भाऊंनी चारही टायरं बसवली आणि माझं नाव, फोन, ते चार आकडे पेन्सिलीने वहीत लिहिले. "पाच वर्षं झाले का मी फोन करतो. नक्षी शाबूत असली तरी बदलून घेजा."

यंदा खरंच फोन आला. "मास्तर, टायरचं वय झालं."

मी निवृत्त झालेला, गाडी भाजीबाजारापुरती. "बघू," म्हणालो. पुन्हा फोन आला. "काहून थांबून राहिले, मास्तर?" भाऊंचा धंदा बसला असणार, असं मी बायकोला म्हणालो. तिसऱ्यांदा नाव पाहिलं आणि फोन कापला.

महिन्याभराने कामासाठी अकोल्याला गेलो, तर दुकानाला कुलूप. मागेच घर होतं, भाऊंच्या बायकोने दार उघडलं. भिंतीवर भाऊंचा हार घातलेला फोटो.

"पण त्यांचे फोन तर येत होते, वहिनी!"

"दुकान तं दिवाईलेच बंद केलं, भाऊजी. माल बी इकून टाकला. उठता येत नव्हतं त्याईले. पडल्या पडल्या वही घेऊन सगळ्यायले फोन लावत. सगळ्यायनं बदलले, म्हणत, एक मास्तरच राह्यले."

त्यांनी वही दाखवली. प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण, माझ्यापुढे नाही. भाऊंजवळ विकायला काहीसुद्धा उरलं नव्हतं आणि मी त्यांना धंदेवाईक ठरवून मोकळा झालो होतो. मला माझीच लाज वाटली.

त्याच दुपारी दुसऱ्या दुकानात चारही टायरं बदलली. आकडे अंगठ्याने चाचपले. डोळ्यांना नीट दिसतही नव्हतं. मग परत वहिनींकडे गेलो. त्यांनी वही उघडून पेन्सिल पुढे केली. मी माझ्या नावापुढे खूण केली.

वहिनींनी वही मिटली. म्हणाल्या, "झालं आता त्याईचं काम."