काजळीची चकती

सकाळी सव्वानऊला मावशी तांब्याची तिसरी चकती घासत होत्या. प्रयोगशाळेत त्यांना संचालकांसकट सगळे मावशीच म्हणतात. हाती येईल त्या धातूचा त्या आरसा करतात. घरी कढईच्या बुडात तोंड पाहून नवरा दाढी करतो, असं त्याच सांगतात.

पीएचडी करणारी मुलगी आत आली आणि दारातच थबकली.

"मावशी, या चकत्या काळ्या होत्या!"

"होत्या ना. नुसती काजळी धरली होती. केल्या लख्ख."

"ती काजळी मी काल दिवसभर बसून चढवली होती!"

मावशींचा हात थांबला.

लेझरचा तीव्र स्पंद पडला की तांब्याचा पृष्ठभाग क्षणात प्लाझ्मा होतो, म्हणजे अणूंपासून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचा आणि उरलेल्या आयनांचा तापलेला वायू. पृष्ठभाग आरशासारखा असेल, तर बराचसा प्रकाश परत उडतो. काळ्या थरात मात्र तांब्याच्याच अतिसूक्ष्म कणांमध्ये फटी असतात. प्रकाश त्यांत अडकतो आणि इलेक्ट्रॉनांना जोरात ढकलतो. ते वेगवान इलेक्ट्रॉन तांब्यात अडखळताना क्ष-किरण सोडतात, त्यांवरून ऊर्जा किती पोचली ते कळतं. हेच मुलीला दाखवायचं होतं आणि लेझरवरची तिची पाळी संध्याकाळी संपत होती.

"तांबं काळंच ठेवायचं, हे न सांगता कुणाला कळणार गं?"

"चुकलंच माझं. दुपारपर्यंत नवा थर चढेल. पण मी लेझर जुळवत असणार, मग चकती त्याच्यासमोरच्या पकडीत बसवणार कोण? बोट लागलं की संपलं."

"मीच. आधी हे फडकं लपव कुठेतरी. माझा हात माझं ऐकत नाही."

घासलेल्या चकत्या वाया गेल्या नाहीत. तुलनेसाठी आधी त्यांवरच स्पंद सोडले. क्ष-किरण जेमतेम दिसले. दुपारी मावशींनी श्वास रोखून काळी चकती कडेनं उचलली आणि पकडीत बसवली. स्पंद पडला. क्ष-किरण दाखवणारी पडद्यावरची रेघ इतकी वर गेली की मुलीला मोजपट्टी बदलावी लागली.

"मावशी, मिळालं!"

"एवढं घाण तांबं आणि एवढं कौतुक!" मावशी म्हणाल्या. "माझ्या आरशांना कधी टाळ्या नाही वाजवल्यास."

उद्या सकाळी नऊला लेझर दुसऱ्या गटाकडे जातो. त्यांना चकत्या लख्खच लागतात.