बॅबीनची मऊ जमीन

आयर्लंडच्या पश्चिमेला, कॉनेमारात, आमच्या शेजारी बॅबीन नाख्तन एकटी राहायची. बाप गेल्यापासून चुलीसाठी दलदलीतल्या काळ्या मातीच्या विटा ती स्वतःच कापायची; वाळल्या की त्याच आमचं जळण. तिच्या फावड्याचा वेग निघाला की मागं पडणारी गडीमाणसं विषय बदलायची.

एका मे महिन्यात डब्लिनहून टाइग ओ शी नावाचे कोशकार सायकलवर आले. गावोगावचे शब्द गोळा करणं हे त्यांचं काम. दलदलीला इंग्रजीत 'बॉग' का म्हणतात, ते त्यांना तिच्या तोंडून हवं होतं.

बॅबीनने हात न थांबवता सांगितलं. आपल्या आयरिशमध्ये 'बोग' म्हणजे मऊ. लोणी बोग, उशी बोग, भुरभुर पावसाचा दिवसही बोग. मऊ जमीन ती 'बोगाख'.

"इंग्रजांनी शब्दाचं शेपूट इथंच टाकलं," ती म्हणाली, "जमीन मात्र अख्खी नेली."

ओ शींनी भराभरा लिहून घेतलं. मग तिने पलीकडचा हिरवागार तुकडा दाखवला. वर गवताची साय, खाली नुसतं पाणी; तिकडे पाय टाकायचा नाही, असं बजावलं. साय हलते कशी, ते पाहायला ओ शी दोन पावलं पुढे गेले आणि मांडीपर्यंत रुतले.

"हलू नका साहेब. बोग घ्या."

ओ शींचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण वही वर धरलेली. "बोग घ्या... म्हणजे सबुरीने घ्या, या अर्थी?"

"हो. पाय झाडलेत तर पुढचा अर्थही कळेल."

तिने फळी टाकली आणि कॉलर धरून त्यांना ओढून काढलं. एक बूट आतच राहिला.

दोन वर्षांनी छापील कोश आला. मी तिला वाचून दाखवला. 'बोग'खाली लिहिलं होतं: सांगणारी, एक वृद्धा. बॅबीन तेव्हा चोपन्न वर्षांची. दोन दिवस तिने नुसतं जळण कापलं. तिसऱ्या दिवशी तिने माझ्याकडून पत्र लिहवून घेतलं. त्यातलं निम्मं मी गाळलं.

ओ शी स्वतः माफी मागायला आले, पण डांबरी रस्ता सोडून आत येईनात. शेवटी बॅबीनने खुर्ची रस्त्यावर नेली. त्यांनी तिच्यासमोर कोशातलं 'वृद्धा' खोडून तिथं तिचं नाव लिहिलं. तिने ते मला दोनदा वाचायला लावलं, मग त्यांना चहा दिला.