खांद्यावरची बोटं
आईच्या तेराव्याला फ्रेम हवी होती. तिचा हसरा फोटो एकच, स्वामीमलै गावातल्या एका लग्नातला, आणि त्यात शेजारी बाबा. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये, असं आत्याने बजावलं. मग बाबांनी मोबाइलवर स्वतःच स्वतःला कापलं आणि 'सेव्ह' दाबलं. आधी कॉपी करून ठेवायची असते, हे त्यांना कोण सांगणार! जुन्या फोटोवरच नवा बसला.

तेरावं झाल्यावर म्हणाले, "आता आमचा दोघांचा दाखव."

मी मोबाइल उपसला, मेमरी कार्ड उपसलं, नातेवाइकांना फोन करकरून भंडावलं. शेवटी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या त्या मेल्या गोल चित्रात तो सापडला, नखाएवढा. मेलकावेरी भागातल्या फोटो स्टुडिओत मोठा करायला लावला, तर चेहऱ्यांच्या जागी नुसते चौकोन.

"काहीतरी करा हो!" मी ओरडलेच.

स्टुडिओवाला तमिळमध्ये म्हणाला, "लहान करताना जे गेलं, ते आता कुठून आणू?"

भिंतीवरच्या आईच्या खांद्यावर बाबांची चार बोटं तेवढी उरलीत. अपशकुन नको म्हणून आत्या त्या बोटांवर हार ओढते. बाबा रोज सकाळी तो बाजूला सरकवतात.