परातीतली चिठ्ठी

माझ्या बापाचा हात जड होता. गवंडी होता तो, रोज पिणारा. दिवसभर विटा झेलणारा हात घरी आला की मायवर चालायचा. कधी थापी, कधी गिलाव्याची ती लांब पट्टी. पट्टीचा मार खाल्ला की मायला दोन दिवस कूस बदलता यायची नाही. मी तेव्हा अकरावीत होते आणि मला त्याचा मुडदा बघायचा होता. हे लिहिताना मला आजही लाज वाटत नाही.

धाड गावच्या बाजारामागे आमचं पत्र्याचं प्रार्थनाघर. ख्रिस्ती घरं जेमतेम आठ-नऊ. नवीन वर्षाच्या सकाळी उपासना संपली की म्हातारे पाळक चिठ्ठ्यांनी भरलेली परात फिरवायचे. प्रत्येकानं एक उचलायची. तिच्यावर बायबलचं जे वचन निघेल, ते देवानं त्या वर्षासाठी तुम्हाला दिलेलं. त्या वर्षी मायच्या चिठ्ठीत निघालं की देव तुमच्यासाठी लढेल, तुम्ही शांत राहा. माय आनंदानं रडली. मला मात्र धडकी भरली, कारण शांत राहण्यात ती आधीच पटाईत होती.

महिनाभरानं उंद्रीहून मामा जीप घेऊन आला.

"ताई, कपडे भर. पोरीले घे अन् चाल."

"मी नाही येत. देवानं शांत राह्य म्हणलं मले."

"तो जीव घेईन तुह्या!"

"देव लढून राह्यला ना माह्यासाठी."

मामा डोकं आपटायचा बाकी राहिला. शेवटी रिकामी जीप घेऊन गेला.

मामा येऊन गेल्याचं बापाला संध्याकाळी कळलं. त्यानं पट्टी वाकेपर्यंत मायला मारलं, मग गिलावा घोटायचा लाकडी रंधा घेतला. तिनं डोक्यावर हात धरला आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी त्याच्या दंडाला रक्त येईस्तोवर चावले. त्यानं मला भिंतीवर फेकलं, माझा पुढचा दात तुटला. हाताला त्याचीच थापी लागली, ती मी त्याच्या कानावर हाणली. तो मटकन खाली बसला, कान धरून बघत राहिला आणि मग उठून निघून गेला. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

बुलढाण्याच्या दवाखान्यात पाळक एसटीनं भेटायला आले. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून मायनं त्यांना चिठ्ठीची गोष्ट सांगितली, ती कशी शांत राहिली तेही सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. मग ते असे ओरडले की नर्स धावत आली.

"बाई, ते वचन कोणाले देल्लं होतं, ठाऊक हाय? मिसराच्या राजाच्या गुलामीतून पळून समुद्रापाशी आलेल्या लोकाइले! ते मार खात घरी बसले नव्हते. आधी निघाले, मंग देव लढला!" मग आवाज एकदम खाली आला. "चूक माही हाय. अर्धीच गोष्ट लिहून वाटत बसलो म्या."

मायनं प्लास्टरमधला हात छातीशी घेतला. मग मला म्हणाली, "मामाले फोन लाव."

तेव्हापासून आम्ही उंद्रीत, मामाच्या शेजारच्या खोलीत. माय शिवणकाम करते आणि रोज सकाळी बापासाठी प्रार्थना करते. तो बदलेल, असा तिचा पक्का विश्वास. माझं टाळकं फिरतं.

"त्या राक्षसासाठी काऊन मागतं माय?"

"घर सोडलं म्या. आस नाही सोडली."

गेल्या उन्हाळ्यात तो आला. अंघोळ केलेली, शर्टाला इस्त्री. अंगणात उभा राहून म्हणाला, "दारू सोडली म्या. चाल घरी."

"किती दिस झाले?" मायनं विचारलं.

"आठ."

"चांगलं झालं. असाच राह्य. मी वाट पाहीन, पण इथूनच."

त्यानं तिचा तोच मोडलेला हात धरायला झडप घातली. माय मागे सरकली, दार लोटलं, कडी घातली. बाहेरून लाथ बसली, फळी थरारली, पाठोपाठ शिव्या. मी मामाला फोन केला आणि कपडे धुवायचं मोगरं उचललं. माय दाराकडे तोंड करून गुडघ्यावर बसली आणि त्याच्यासाठी देवाजवळ मागू लागली. लाथांच्या वर ऐकू जावं म्हणून मोठ्यानं मागत होती. मीही तिच्या शेजारी गुडघे टेकले. डोळे मात्र मिटले नाहीत, ते कडीवर होते.