पाठीवरची निळी फुली

दवाखान्यात चारचौघांत डॉक्टर मला अडाणी बाई म्हणाले, त्याला आता कैक वर्षं झाली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचे मालक कुपवाडला कारखान्यात कामाला होते. तापानं खंगून घरी आले, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळच्या आमच्या गावी. दोन वाक्यं बोलले की धाप लागायची. साताऱ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि सांगितलं, फुप्फुसाभोवती पाणी साठलंय. दोनदा पाठीत सुई घातली, चमचाभरसुद्धा निघालं नाही. पाण्याचे कप्पे झालेत, नेमके कुठं ते सीटी स्कॅनमध्ये दिसेल, असं म्हणून त्यांनी सांगलीला धाडलं. उशीर केला आणि पाणी घट्ट झालं तर छाती उघडावी लागेल, हेही बजावलं.

सांगलीत ह्यांना मशीनमध्ये आडवं सरकवलं. मी बाहेर. तासाभरानं फिल्मांचं पाकीट माझ्या हातात देऊन तिथला माणूस म्हणाला, "उद्या डॉक्टरांना दाखवा." बस्स, एवढंच. पाठीवर काही केलंय, ते जपा, एवढं बोलायला त्याची काय जीभ झिजत होती?

एसटीनं घरी पोचेपर्यंत ह्यांचा सदरा घामानं चिंब. सकाळी म्हणाले, "पाणी तापव. असा वास मारत डाक्तरफुडं जाऊ व्हय?" श्वास पुरत नव्हता, पण ऐट तीच. न्हाणीत बसवून मी पाठ चोळायला घेतली, तर बरगड्यांवर निळ्या शाईची फुली.

"आवं, हे काय?"

"मशीनचा डाग आसंल. घास की."

मी घासली. साबणानं जाईना, मग घासणीनं रगडली. पाठ अगदी लख्ख केली.

साताऱ्यात डॉक्टरांनी सदरा वर केला आणि विचारलं, "खूण कुठंय?" सुई कुठं घालायची, ते त्या फुलीवर ठरणार होतं.

"कुणी पुसली?"

ह्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हिनं."

"अडाणी बाई. नवऱ्याला मारायला निघालीस का?" नर्सा बघत होत्या. मी वाट बघत होते, हे आता तरी म्हणतील की मीच सांगितलं होतं. हे खाली मान घालून खोकत राहिले.

पुन्हा सांगली. कराडच्या पुढं ह्यांचे ओठ निळे पडले. मी पदरानं वारा घालत होते, आणि मनात एकच, हे गेले तर मीच मारलं म्हणतील सगळे. या वेळी त्या माणसानं फुलीवर चिकटपट्टी लावली. म्हणजे पट्टी त्याच्याकडं होती. पहिल्या दिवशीही असणारच.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यात सुई बरोबर लागली, बाटलीभर पिवळं पाणी निघालं. संध्याकाळी हे उशीला टेकून सरळ श्वास घेत होते. तेव्हा मी विचारलं, "पाणी तापव, डाग घास, तुमीच म्हनला हुता. डाक्तरला का न्हाई सांगितलं?"

"खुळी का काय तू. सुई मला घ्यायची हुती. त्येंनी माज्यावर राग धरला आसता तर? तुज्यावर चिडलं तर तुजं काय बिघडतंय?"

हे पुढं चांगले जगले. आल्यागेल्याला हसत सांगायचे, "हिनं मला मारलंच हुतं की." चहा देता देता मीही हसायचे. त्या माझ्या हसण्याचा मला अजून राग येतो.