सूनमुखासाठी लावलेलं क्रीम

सुरकुत्या घालवणाऱ्या क्रीमने सुरकुत्या जातात का, असं कोणी विचारलं की हल्ली माझं डोकं सणकतं. नाही जात. गेल्या असत्या तर मी इतकी चिडले असते का?

मुलाचं लग्न ठरलं तेव्हा हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं. शिरवलं माझ्या धाकट्या जावेने. ती घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहते, आम्ही डोंबिवलीत मानपाड्याला. साखरपुड्याचे फोटो बघताना म्हणाली, "वहिनी, डोळ्यांखाली किती ओढलेलं दिसतंय हो! सूनमुखाला काय करणार? आरशात नवी सून आणि तुम्ही, अगदी गालाला गाल. तो फोटो कायमचा राहतो हां."

लग्न लागल्यावर सासू सुनेला शेजारी घेऊन बसते, समोर आरसा धरतात, सासूने त्यात सुनेचं मुख पाहायचं आणि तिला साखर भरवायची. एवढाच विधी. पण जाऊ बोलून गेली आणि मला भांडी घासतानाही तो आरसा दिसायला लागला.

ठाण्याच्या मॉलमध्ये काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅम, फाइन लाइन्स एकदम गायब!" तिच्या चेहऱ्यावर गायब व्हायला एक रेघ नव्हती. तरी मी डबी घेतली. नवरा म्हणाला, "अगं, लग्न पोराचं आहे ना?" त्या संध्याकाळी मी त्याच्याशी बोलले नाही.

नेमाने लावत होते. सकाळी चेहरा जरा तुकतुकीत वाटायचा, दुपारी रिक्षा शोधत उन्हात उभं राहिलं की पुन्हा जैसे थे. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, क्रीमने कातडी ओलसर राहते, रेघा थोड्या बुजल्यासारख्या दिसतात. काही औषधी क्रीमांनी हळूहळू थोडा फरक पडतो, पण गेलेलं वय परत येत नाही. उन्हापासून जपा. मला एवढंच ऐकायचं असतं तर मी फी भरून कशाला गेले असते!

लग्न तोंडावर आलं आणि मग मी आपल्या बायकाच करतील असा शहाणपणा केला. बाजारच्या क्रीमला घरच्या उपायाची जोड दिली. डाळीचं पीठ आणि लिंबू खसाखसा चोळायचं, वरून क्रीम. चेहऱ्याची नुसती आग. त्यात हळदीच्या दिवशी नवऱ्या मुलाला हळद लावून झाल्यावर सगळ्या माम्या-मावश्या माझ्याकडे वळल्या. वरमाई ना मी! हळदीला नको कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी गाल लालबुंद आणि हनुवटीची सालं निघत होती. मेकअपवाल्या मुलीने थरावर थर चढवले आणि म्हणाली, "काकू, हसू नका जास्त, फुटेल."

म्हणून मी हसले नाही. सूनमुखाला बसले, आरसा समोर आला, आणि मला दिसली ती फक्त माझी हनुवटी. तिथला थर तडकला होता. फोटोग्राफर ओरडला, "काकू, सुनेकडे बघा ना, स्वतःलाच काय बघताय!" सगळा हॉल हसला. मी कशीबशी साखर भरवली आणि उठले.

अल्बम आला तेव्हा सून आणि मी सोफ्यावर एकत्र बघत होतो. तो फोटो आला. माझा चेहरा मला वाटला तितका वाईट नव्हता, कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण त्या आरशात माझी नजर खाली माझ्याच हनुवटीवर आहे, आणि सून माझ्याकडे बघतेय. मी क्रीमच्या, जावेच्या, त्या काउंटरवालीच्या नावाने पुन्हा शंख करायला लागले.

सून ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे त्या हनुवटीपायी हसला नाहीत, माझ्याकडे बघितलं नाहीत होय? मी किती घाबरलेले, आई. मला वाटलं, मी तुम्हाला आवडलेच नाही."