उलट बाजूनं बोलायचा नियम

माझ्या वडिलांना प्रत्येक गोष्टीच्या दोन्ही बाजू दिसत. हा मोठा गुण आहे असं लोक म्हणतात. त्या लोकांनी एकदा त्यांच्याबरोबर मंडईत जाऊन बघायला हवं होतं. वांगी का घ्यावीत आणि का घेऊ नयेत याचा विचार पुरा होईतो वांगी संपलेली असायची. ते सोलापुरात हायस्कुलात मास्तर होते. मुलांच्या वादविवादाच्या सभा घेऊन घेऊन त्यांना त्याची अशी चटक लागली, की रविवारी दुपारची जेवणं उरकली की तीच सभा आमच्या माजघरात भरायची. सभासद तीन : आई, आत्या आणि मी. अध्यक्ष अर्थातच तेच.

सभेचा नियम मात्र जगावेगळा होता. ज्याला जे हवं असेल, त्यानं त्याच्या विरुद्ध बोलायचं. स्वतःच्या बाजूनं कुणीही भांडतं, त्याला अक्कल लागत नाही, असं वडिलांचं म्हणणं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. लाल आलवण, कडक सोवळं, आणि जिभेला हाड नाही. घरात देव तिचे, चूल तिची, आणि आमची डोकीही तिचीच. पिठाच्या गिरणीचा प्रश्न निघाला तेव्हा ती कडाडून विरुद्ध होती. गिरणीत कुणाकुणाचं पीठ कुणाकुणाच्या पिठात जातं, शिवाय ते जळकं लागतं, असं तिचं मत. म्हणजे नियमाप्रमाणे तिला गिरणीच्या बाजूनं बोलणं आलं. सुरुवात तिनं तोंड वाकडं करूनच केली. पण पहाटे उठून ज्वारी दळून दळून आपले खांदे कसे गेलेत हे सांगता सांगता तिला असा काही चेव चढला, की शेवटी तिनंच विचारलं, "गिरणी उघडते कधी?" दुसऱ्या दिवशी ज्वारीचा डबा गिरणीत गेला. देवाच्या नैवेद्याचं तेवढं जात्यावर राहिलं.

विजेच्या दिव्यांच्या वेळी आईनं चलाखी केली. तिला दिवे हवे होते, म्हणून विरुद्ध बोलताना ती मुद्दामच पडेल बोलली. "वीज नको, कारण कंदिलाच्या काचा पुसायची मजा जाईल," एवढं म्हणून खाली बसली. वडील अध्यक्षाच्या आवाजात म्हणाले, "हे भाषण मनापासून झालेलं नाही. सबब मागणी नामंजूर." झालं. कापडाच्या गिरण्यांमध्ये वीज, रस्त्यावर वीज, शेजारच्या विणकरांच्या घरातसुद्धा वीज, आणि आम्ही पुढं कितीतरी दिवस काचा पुसत बसलो. आई वडिलांशी बोलेना. तेव्हापासून नियमाला शेपूट जोडलं गेलं : जो कच्चं बोलेल, त्याची मागणी रद्द.

हे शेपूट माझ्याच गळ्यात पडेल असं मला कुठं माहीत होतं!

मी बारा वर्षांची झाले आणि सरकारचा लग्नाच्या वयाचा कायदा आला. मुलगी चौदाची झाल्याशिवाय लग्न नाही, आणि हे एप्रिलपासून लागू. मग काय विचारता! माघ-फाल्गुनात गावात नुसती झुंबड उडाली. वाजंत्रीवाले मिळेनात, भटजी एका मांडवातून उठून दुसऱ्या मांडवात पळताहेत, माझ्या वर्गातल्या मुली एकेक करून हिरवा चुडा घालून निरोप घ्यायला येताहेत. वडिलांनी शाळेत या कायद्याच्या बाजूनं भाषण केलं होतं. घरी आल्यावर मात्र त्यांना दुसरी बाजू दिसू लागली.

ती दुसरी बाजू बार्शीहून माझा मामाच घेऊन आला. मुलगा मॅट्रिकला, बाप वकील, घरात गाय, हुंडा नको. फक्त लग्न एप्रिलच्या आत. "दाजी, लई विचार करू नका," मामा म्हणाला. "असं स्थळ पुन्हा दारात येत न्हाय."

आत्याला स्थळ फार पसंत पडलं. आई मामासाठी पाट मांडायला उठली. मला शाळा हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यावाचून माझा जीव जाईल असं वाटत होतं. वडिलांनी वर बघितलं, खाली बघितलं, आणि म्हणाले, "रविवारी सभा घेऊ."

मामाला वाटलं थट्टा चालली आहे. थट्टा नव्हती. मला लग्न नको होतं, म्हणून मी लग्नाच्या बाजूनं बोलायचं. आत्याला लग्न हवं होतं, म्हणून तिनं कायद्याच्या बाजूनं. मी कच्चं बोलले तर माझी मागणी रद्द, म्हणजे बार्शी. चांगलं बोलले आणि सगळ्यांना पटलं, तरी बार्शीच.

रविवारी उभी राहिले आणि जीव तोडून बोलले. कोवळ्या वयात मुलगी सासरच्या वळणात लवकर बसते. सासू तिला लेकीसारखी वाढवते. घरातल्या गोष्टीत सरकारनं का नाक खुपसावं? आज लग्नाचं वय ठरवतील, उद्या भाकरीला मीठ किती ते ठरवतील. मामानं मांडीवर थाप मारली. "वकिलाच्या घरात शोभेल पोरगी!" मी खाली बसले. आपल्याच तोंडानं आपण आपलं लग्न लावलं असं वाटून मला रडू आलं, पण रडण्यावर वेळ खर्च करायची सोय नियमात नव्हती.

मग आत्या. "मी नाही बोलायची," ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून म्हणाली. "अक्का, नियम म्हणजे नियम," वडील म्हणाले.

तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि वडिलांची नक्कल करत सुरू केलं. पहिला मुद्दा, चौदा वर्षांच्या मुलीला पुरणपोळी येते, बाराच्या पोरीला पुरण खाता येतं. मामा हसला. दुसरा मुद्दा, मोठी मुलगी सासरी रडते कमी आणि भांडते जास्त, त्यामुळे तिची काळजी नसते. आता आईसुद्धा हसली. आत्याला चेव चढत होता.

"तिसरा मुद्दा," ती म्हणाली. "चौदा वर्षांची मुलगी नवऱ्याचा चेहरा तरी नीट बघून घेते."

मग ती थांबली. आम्हाला वाटलं, चौथा मुद्दा आठवते आहे.

"मी आठाची होते," ती म्हणाली. आवाज नकलेचा राहिला नव्हता. "मांडवात मला झोप लागली. कुणीतरी हात धरून फेरे घ्यायला लावले. पुढच्या वर्षी पटकीच्या साथीत ते गेले. सगळ्या एकादश्या केल्या, सगळं केलं. पण चेहरा काही आठवत नाही." तिनं वडिलांकडं बघितलं. "तू होतास की रे लग्नात. कसे होते रे ते?"

वडिलांनी चष्मा काढला. "अक्का, मी पाचाचा होतो," ते म्हणाले. "मला नुसता घोडा आठवतो."

वडिलांनी ना मतं घेतली, ना दोन्ही बाजूंचा गोषवारा सांगितला. मामाकडं वळून एवढंच म्हणाले, "बार्शीला नाही म्हणून सांगा." त्यांनी आयुष्यात एवढ्या झटकन ठरवलेली दुसरी गोष्ट मला माहीत नाही. मला आनंद झाला, पण तो दाखवायला जागा नव्हती. मी उठून आत्याच्या शेजारी जाऊन बसले. सोवळ्यात होती, तरी "शिवू नकोस" म्हणाली नाही.

संध्याकाळी मात्र भाकरी थापता थापता ती पूर्ववत झाली. स्थळ फार चांगलं होतं, हातचं घालवलंत, गाय होती घरात, असं ती पुढं कितीतरी वर्षं ऐकवत राहिली.

मी मॅट्रिक झाले, शिक्षिका झाले, आणि मग माझं लग्न ठरलं. त्या दिवशी आत्या रिवाजाप्रमाणे मांडवात आली नाही, आतल्या खोलीत बसून राहिली. रिवाजाचा मला त्या दिवशी जितका राग आला तितका कधीच आला नव्हता. अक्षता पडल्या, आणि मी सगळ्यांत आधी तिच्याकडं गेले. वाकून नमस्कार केला. तिनं आशीर्वाद दिला नाही. माझा हात धरून मला जवळ ओढलं आणि हळू विचारलं, "नीट बघितलंस ना गं त्यांना?"

"बघितलं की."

"कसे आहेत, सांग."

बाहेर मला हाका मारत होते. मी तिच्याजवळ खाली बसले आणि सांगायला लागले.